डेबियन: हौशी प्रोग्रामरच्या टेबलावरची दोन वर्षे

मी पेशाने हिशेबनीस आहे आणि प्रोग्रॅमिंग हा माझा छंद आहे. छंदाला मिळणारा वेळ ठरलेला असतो. रात्रीची जेवणे उरकल्यावर साडेनऊ ते अकरा, तोही आठवड्यातून तीन-चार दिवस, आणि मार्चअखेरीला तर महिनाभर घरचा लॅपटॉप उघडणेही होत नाही. संगणकाकडून माझी अपेक्षा या वेळापत्रकातूनच आलेली आहे. पंधरा दिवसांनी झाकण उघडले, तर जिथे काम सोडले होते तिथूनच ते सुरू झाले पाहिजे. मधल्या काळात काहीतरी बदलले म्हणून हाती असलेला दीड तास यंत्रणेची समजूत काढण्यात जाऊ नये. सप्टेंबर २०२३ पासून मी डेबियन ही लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यासोबतच्या प्रोग्रॅम्सचा एकत्र संच, वापरतो आहे आणि हा अभिप्राय याच एका कसोटीवर लिहिलेला आहे. ज्यांचे पोट प्रोग्रॅमिंगवर चालते, त्यांच्या कसोट्या वेगळ्या असू शकतात.

यंत्र अगदी साधे आहे. लॅपटॉप जुना, विकत घेतला तेव्हाच कुणीतरी वापरून सोडलेला. रॅम ४ जीबी, मूळ हार्ड डिस्क काढून तिच्या जागी बसवलेली २४० जीबीची एसएसडी, आणि विजेशिवाय जेमतेम वीस मिनिटे तग धरणारी बॅटरी. डेबियनच्या आधी वर्षभर या यंत्रावर एक रोलिंग पद्धतीची डिस्ट्रो होती, म्हणजे जिच्यात नव्या आवृत्त्या तयार होतील तशा सतत येत राहतात. रोज वापरणाऱ्याला ती पद्धत मानवते. मी मात्र दीड-दीड महिन्याने अपडेट करीत असे आणि दर वेळी काहीशे पॅकेजेस (प्रोग्रॅम्सचे बांधलेले गठ्ठे) एकदम बदलत. एकदा ध्वनी गेला, एकदा डेस्कटॉपच उघडेना. दोष त्या डिस्ट्रोचा नव्हता. माझ्या वेळापत्रकाशी तिचा स्वभाव जुळत नव्हता, एवढेच.

डेबियनचा स्वभाव नेमका उलट आहे. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव आणि स्वतःचे नाव जोडून ‘डेबियन’ हा शब्द तयार झाला. प्रकल्पाची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही, जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात आणि प्रकल्पाचा प्रमुखही ते दरवर्षी मतदानाने निवडतात. साधारण दोन वर्षांनी एक ‘स्टेबल’ आवृत्ती निघते, तिला तीन वर्षे पूर्ण पाठबळ आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. बारावी आवृत्ती ‘बुकवर्म’ १० जून २०२३ रोजी आली आणि तेरावी ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी. इथे ‘स्टेबल’ या शब्दाचा अर्थ ‘कधीच न बिघडणारे’ असा घेतला तर फसगत होते. आवृत्ती प्रसिद्ध झाली, की तिच्यातील पॅकेजेसचे क्रमांक जवळजवळ गोठवले जातात. पुढे सुरक्षेतील छिद्रे बुजवली जातात, गंभीर चुका सुधारल्या जातात, पण नव्या सोयी त्यात भरल्या जात नाहीत, असा तो अर्थ आहे. बुकवर्ममध्ये पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) ३.११ होते, तर आवृत्तीच्या अखेरीपर्यंत ते ३.११ च राहते. अनेकांना हा दोष वाटतो. मी डेबियन निवडले ते या एका गोष्टीसाठी. (मी ते बसवले त्याच महिन्यात डेबियनची वार्षिक जागतिक परिषद कोचीला भरली होती, हे मला ती आटोपल्यावर कळले.)

बसवण्याच्या कामाला पहिल्या दिवशी दोन तास लागले, त्यांतला एक तास माझ्याच अज्ञानाचा होता. इन्स्टॉलरची छोटी आवृत्ती एक जीबीपेक्षाही लहान असते आणि बाकीचे सामान ती नेटवरून उतरवून घेते, म्हणून वायफाय पहिल्या पायरीवरच लागते. पूर्वी इथेच अडत असे. वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसे. ते वेगळे शोधून पेनड्राइव्हवरून द्यावे लागे किंवा फोन केबलने जोडून त्याचे नेट वापरावे लागे. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान केले आणि बुकवर्मपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिले जाऊ लागले. तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्यांना हा निर्णय पटला नसेल, पण माझ्या लॅपटॉपचे वायफाय इन्स्टॉलरने पहिल्याच फटक्यात ओळखले, आणि ज्याच्या घरी दुसरा संगणक नाही त्याला याचे मोल समजेल.

माझा तास गेला तो रूट पासवर्डच्या पडद्यावर. इन्स्टॉलर प्रशासकाचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड विचारतो. तो भरला तर आपल्या नेहमीच्या खात्याला ‘सुडो’, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची सोय, वापरण्याचा अधिकार मिळत नाही, आणि तो रकाना रिकामा सोडला तरच मिळतो. पडद्यावर तसे लिहिलेले असते. ते न वाचता मी आज्ञाधारकपणे पासवर्ड भरला आणि सगळे बसल्यावर पहिल्याच आज्ञेला ‘आपले नाव सुडोअर्स फाइलमध्ये नाही’ असे उत्तर मिळाले. रूट म्हणून लॉगिन करून स्वतःचे खाते सुडो गटात घातले, की हे एका ओळीत सुटते. पण ती ओळ माहीत नसलेल्या नवख्याला पहिल्याच दिवशी आपल्याच घराबाहेर उभे राहिल्यासारखे वाटते. रिकामा रकाना म्हणजे अधिक सोय, ही मांडणी मला आजही उलटी वाटते.

ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषा निवडता येते. मी कौतुकाने ती निवडून पाहिली, दोन-तीन पडदे वाचले आणि पुन्हा इंग्रजीकडे वळलो. अनुवाद वाईट नाही, पण अडचण आली की मी पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा शोधून उत्तर काढतो आणि मराठी संदेशाला अजून उत्तरे सापडत नाहीत. डेस्कटॉप निवडण्याच्या यादीतून मी एक्सएफसीई घेतले. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा अधिक देखणे आहेत. चार जीबी रॅमवर मला देखणेपणापेक्षा ब्राउझरच्या चार टॅब जास्त प्रिय आहेत. नुसता डेस्कटॉप उघडल्यावर माझ्याकडे सातशे एमबीच्या आसपास रॅम वापरली जाते.

रोजच्या वापराबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही, आणि तीच त्याची खरी प्रशंसा आहे. २०२४ चा मार्च आणि २०२५ चा मार्च अशा दोन्ही वेळा मी महिन्याहून अधिक काळाने लॅपटॉप उघडला. दोन्ही वेळा अपडेट्स होत्या त्या मोजक्या, बहुतेक फायरफॉक्सच्या दीर्घकालीन आवृत्तीच्या आणि कर्नलच्या (यंत्रणेच्या गाभ्याच्या) सुरक्षा-दुरुस्त्या. पाच-सात मिनिटांत काम आटोपले आणि माझा अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला. एक कमी बोलली जाणारी सोय मात्र सांगितली पाहिजे. पायथनचे संपूर्ण दस्तऐवज डेबियनमध्ये वेगळ्या पॅकेजच्या रूपाने मिळतात आणि ते एकदा बसवले, की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये वाचता येतात. आमच्या भागात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि बॅटरीची वीस मिनिटे उरतात. त्या वीस मिनिटांत नेटवर भटकता येत नसल्यामुळे मी मूळ दस्तऐवज वाचू लागलो, आणि माझे पायथन त्यामुळेच बरेच सुधारले असे मला वाटते.

आता मुख्य कामाकडे येतो. सांगलीत आमच्या घराजवळ एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपाल काकांकडे पुस्तकांची दाखल-नोंदवही होती आणि कुणीतरी हौसेने टंकलेली एक अर्धवट यादी होती. तिच्यावरून शोधता येईल, विषयवार छापता येईल अशी सूची करून द्यायचे मी कबूल केले. पायथन आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस), एवढ्यावर हे काम होण्यासारखे होते. दोन्ही गोष्टी डेबियनमध्ये तयार मिळतात.

पहिला अडथळा सगळ्यांना येतो तोच आला. पायथनची एक लायब्ररी (तयार कोडचा संच) ‘पिप’ या पायथनच्या साधनाने बसवायला गेलो, तर यंत्रणेने साफ नकार दिला आणि ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश दाखवला. बुकवर्मपासून ही पद्धत आहे. यंत्रणेतील अनेक कामे ज्या पायथनवर चालतात, त्याच पायथनमध्ये आपण पिपने ढवळाढवळ केली तर पॅकेजेसचा हिशेब बिघडतो. म्हणून एकतर लायब्ररी डेबियनच्या भांडारातून एपीटी या पॅकेजेस बसवण्याच्या साधनाने घ्यावी किंवा स्वतःच्या प्रकल्पापुरते वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावे, असे हाच संदेश सुचवतो. बंदी झुगारण्याचा पर्यायही आहे, आणि त्याचे नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ असे ठेवले आहे. हिशेबनिसाला अशी स्पष्ट भाषा आवडते. पहिल्या रात्री मी चिडलो होतो, पण दुसऱ्याच्या वहीत आपल्या नोंदी करू नयेत हा नियम मी कार्यालयात रोजच पाळतो, त्यामुळे राग फार टिकला नाही.

मराठी टंकलेखनासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्याचे एम-१७-एन हे पॅकेज, ज्यात उच्चारानुसार टंकता येते. दुसरा म्हणजे कीबोर्ड लेआउटच्या यादीत असलेला मराठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट, ज्याला काहीच वेगळे बसवावे लागत नाही. मी इन्स्क्रिप्ट शिकलो. पंधरा दिवस बोटे अडखळली आणि मग ती डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने या रचनेला सरावली. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह ऱ आहे. ही बारीक गोष्ट पुढे मला चार रात्री पुरली.

झाले असे, की विषयाच्या रकान्यात ‘कादंबऱ्या’ असे शोधले तर निम्म्याच कादंबऱ्या सापडत होत्या. पडद्यावर दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, भिंग लावून पाहिले, तरी तसूभर फरक दिसेना. शेवटी पायथनला दोन्ही शब्दांची लांबी विचारली. एकाची ९ आली आणि दुसऱ्याची १०. मी टंकलेल्या शब्दात ऱ हे एक स्वतंत्र वर्णचिन्ह होते. जुन्या यादीतील शब्दात साधा र, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह होते. दोन्हींतून कागदावर तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया लावूनही ते एक होत नाहीत. मग नोंद आत येतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घेणारी ओळ लिहिली, आणि हरवलेल्या कादंबऱ्या जागेवर आल्या. यात डेबियनचे श्रेय किंवा दोष काहीच नाही; परंतु मराठी मजकुरावर काम करणाऱ्या हौशी माणसाचे दिवस कशात जातात, हे कळावे म्हणून लिहिले.

क्रमवारीचेही तसेच. पायथन अक्षरे लावतो ती युनिकोडच्या क्रमांकांनुसार, आणि तिथे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मधे बसलेले आहे. त्यामुळे ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी आला, ‘क्षेत्र’ने सुरू होणारी नावे क मध्ये शिरली आणि ‘ज्ञानकोश’ हा ‘ज्योतिष’च्या वर जाऊन बसला. काकांनी पहिली छापील यादी पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अहो, ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. पहिलीतल्या पोराला विचारा.” त्यांचे खरे होते. ही तीन अक्षरे ह च्या पुढे ढकलणारे पंधरा ओळींचे फंक्शन लिहिले. आजवर मी लिहिलेल्या कोडमध्ये मला त्याचाच सर्वांत जास्त अभिमान आहे.

डेबियनविषयी, किंबहुना एकूणच लिनक्स डेस्कटॉपविषयी, माझी खरी तक्रार टर्मिनलबद्दल, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीबद्दल, आहे. एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये देवनागरी नीट दिसत नाही. टर्मिनल म्हणजे मुळात चौकटींचा कागद. एका चौकटीत एक अक्षर, हा त्याचा जुना नियम आहे. ‘क्षितिज’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, तर संगणकाच्या मोजणीत ती सात चिन्हे होतात, आणि ऱ्हस्व वेलांटी तर अक्षरानंतर टंकली जाऊनही अक्षराच्या आधी काढावी लागते. चौकटीच्या शिस्तीत हे बसत नाही, म्हणून जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर सरकतात, आणि डेटाबेसमधील दहा पुस्तकांची नावे टर्मिनलवर पाहिली, की आपण सांगलीत बसून कुठली तरी सांकेतिक लिपी वाचतो आहोत असे वाटते. केडीईचा कॉन्सोल या बाबतीत थोडा बरा आहे, पण समाधान त्यानेही झाले नाही. मी सोडून दिले आणि प्रोग्रॅमचा प्रत्येक निकाल एका एचटीएमएल फाइलमध्ये लिहून ब्राउझरमध्ये पाहू लागलो. इंग्रजी मजकुरावर काम करणाऱ्याला हा वळसा कधीच घ्यावा लागत नाही, आणि ही गोष्ट मला दर वेळी खटकते.

छपाईत मात्र डेबियनच्या भांडाराने हात दिला. सुरुवातीला मी वापरलेल्या पीडीएफ लायब्ररीला अक्षरे जुळवण्याची विद्या येत नव्हती; ‘विद्यार्थी’ हा शब्द तिने असा काही छापला, की त्यात विद्याही उरली नाही आणि अर्थही. मग भांडारात शोधता शोधता वीझीप्रिंट हाती लागले. ते एचटीएमएल पानाची पीडीएफ करते आणि मजकुराची मांडणी पँगो या लायब्ररीकडे सोपवते, त्यामुळे जोडाक्षरे जशी हवीत तशी उतरतात. एपीटीने एका आज्ञेत ते बसले, सोबत लागणारे सगळे पँगोसकट त्याने आणले, आणि पहिलेच पान निर्दोष आले. निर्दोष, म्हणजे माझ्या नजरेला. काकांनी पुन्हा चष्मा वर केला. “हा ल आपला नव्हे, हिंदीतला आहे. श पण.” मी तोवर या फरकाकडे कधी लक्षच दिले नव्हते. एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत भाषेची खूण मराठीची, म्हणजे ‘एमआर’ अशी दिली, आणि फॉन्ट नोटोचा देवनागरी घेतला, तेव्हा त्याच फॉन्टमधील मराठी वळणाचे ल आणि श आपोआप पुढे आले. दोन अक्षरांच्या खुणेने साडेतीन हजार नोंदींची यादी मराठी दिसू लागली.

प्रिंटरची कथा लांबवत नाही. वाचनालयाचा लेझर प्रिंटर जुना आहे, आधुनिक प्रिंटर विना-ड्रायव्हर चालतात तसा तो चालत नाही. योग्य ड्रायव्हरचे पॅकेज भांडारात होते, पण कोणते हे शोधण्यात एक रविवार गेला. नंतर त्याने त्रास दिला नाही.

ट्रिक्सीवर जाण्याचे मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबणीवर टाकले होते. नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारू नये, दोन महिने जाऊ द्यावेत, असे माझे मत आहे, आणि बुकवर्मला २०२६ च्या जूनपर्यंत पूर्ण पाठबळ असल्यामुळे घाईही नव्हती. कृती कागदावर सोपी आहे. आधी सगळ्या फाइल्सची प्रत काढायची, जुनी आवृत्ती पूर्ण अद्ययावत करायची, भांडाराच्या यादीत जिथे जिथे ‘बुकवर्म’ आहे तिथे ‘ट्रिक्सी’ लिहायचे, मग आधी छोटे आणि नंतर पूर्ण अपग्रेड करायचे. मधेच एपीटीची तिसरी आवृत्ती येते आणि तिचे रूप खरोखर सुधारलेले आहे: काय बसणार, काय निघणार हे आता रंगांनी आणि नीट स्तंभांत मांडलेले दिसते, निघणारी पॅकेजेस लाल रंगात येतात आणि डोळ्यांतून सुटत नाहीत.

माझ्या नशिबाने पॅकेजेस बसण्याच्या ऐन मध्यावर लाईट गेली. सणाचा दिवस, बॅटरी वीस मिनिटांची, आणि तिने अठराव्या मिनिटाला मान टाकली. परत सुरू केल्यावर यंत्र उठले, पण एपीटीने पुढे जायला नकार दिला आणि सांगितले, की डीपीकेजीचे, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाचे, काम मधेच तुटले आहे, आधी त्याला ‘कॉन्फिगर ऑल’ची आज्ञा द्या. आज्ञा नेमकी काय लिहायची तेही त्याच ओळीत होते. ती दिली, उरलेली पॅकेजेस एकामागून एक जुळत गेली, एकदा तुटलेली अवलंबित्वे दुरुस्त करायला सांगावे लागले, आणि तासाभराने ट्रिक्सी उभे राहिले. इतक्या नाजूक क्षणी तार तोडूनही जी यंत्रणा काय बिघडले आणि काय करायचे हे एका ओळीत सांगते, तिच्यावर माझा विश्वास या एका प्रसंगाने जितका बसला तितका दोन वर्षांच्या सुरळीत चालण्यानेही बसला नव्हता.

त्यानंतर दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्ही अपेक्षित होत्या, फक्त मी अपेक्षिल्या नव्हत्या. पायथन ३.११ वरून ३.१३ वर गेल्यामुळे माझे जुने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट निकामी झाले. त्यातल्या लायब्ऱ्या ३.११ च्या नावाच्या फोल्डरमध्ये होत्या आणि नवा पायथन तिकडे बघतही नव्हता. ते पुसून नव्याने केले, दहा मिनिटांत संपले. दुसरी गोष्ट अधिक मजेशीर होती. नोंदवहीच्या पानांचे स्कॅन एकत्र करणारा माझा प्रोग्रॅम अचानक ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून थांबू लागला, आणि इकडे एसएसडी अर्धी रिकामी. ट्रिक्सीपासून टीएमपी हा तात्पुरत्या फाइल्सचा फोल्डर डिस्कवर न राहता रॅममध्ये राहतो आणि रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढू शकतो. माझ्या यंत्रावर निम्मे म्हणजे दोन जीबी, आणि पायथन तात्पुरत्या फाइल्स तिथेच ठेवतो. रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते, ते रद्द कसे करायचे हेही लिहिलेले होते. मी त्या फराळ करता करता वाचल्या होत्या. सिस्टीमडीला (यंत्रणेतील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) टीएमपीचे माउंट मास्क, म्हणजे बंद, करायला सांगून यंत्र पुन्हा सुरू केले, की जुनी पद्धत परत येते. सोळा जीबीवाल्यांना हा बदल जाणवणारही नाही. चार जीबीवाल्यांनी मात्र अपग्रेडच्या आधी एवढे एक करून ठेवावे.

डेबियन कुणी घेऊ नये, हेही सांगणे योग्य ठरेल. अगदी नव्या लॅपटॉपवर, ज्याचे ग्राफिक्स आणि वायफाय या वर्षीचे आहे, तिथे गोठवलेला कर्नल अपुरा पडू शकतो. बुकवर्मचा कर्नल ६.१ होता, ट्रिक्सीचा ६.१२ आहे, आणि त्यापुढचा हवा असेल तर बॅकपोर्ट्सचा, म्हणजे स्टेबलसाठी मागाहून बांधलेल्या नव्या पॅकेजेसचा, मार्ग धरावा लागतो. एखाद्या भाषेची किंवा साधनाची ताजी आवृत्तीच हवी असणाऱ्यालाही इथे चिडचिड होईल. मी रस्ट शिकायचा प्रयत्न केला तेव्हा भांडारातला कंपायलर जुना पडला आणि तो बाहेरून आणावा लागला. आणि ज्याला संदेश वाचण्याचा कंटाळा आहे, त्याच्याशी डेबियन बोलणारच नाही, कारण ते जे सांगते ते एकदाच, मजकुरात आणि नेमके सांगते.

राहिला वाचनालयाचा संगणक. सूची आता माझ्या लॅपटॉपवरून तिथे न्यायची होती. त्यांच्याकडे देणगीत आलेला एक डेस्कटॉप आहे, त्याचा प्रोसेसर ३२-बिटचा, रॅम २ जीबी. ट्रिक्सीने जुन्या ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणे बंद केले आहे, त्यामुळे तिथे नवी आवृत्ती बसूच शकत नाही. मी बुकवर्मचा जुना इन्स्टॉलर शोधला, या वेळी रूटचा रकाना रिकामा सोडला, आणि ब्राउझरमध्ये फक्त सूचीचे पान उघडेल अशी व्यवस्था केली. बुकवर्मचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे, तोवर एखादा ६४-बिट संगणक देणगीत मिळवायचा, असे मी काकांना सांगितले. त्यांनी शोधाच्या रकान्यात इन्स्क्रिप्टने एक एक कळ शोधत ‘कादंबऱ्या’ टंकले, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि ल ला हरकत नाही असे सांगून ते चहा सांगायला बाहेर गेले.